तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलंय का? मोफत क्रेडिट रिपोर्टपासून लोकपालापर्यंतची वाट

अभिनेता राजकुमार राव याने एप्रिल २०२२ मध्ये ट्विटरवर जाहीर तक्रार केली होती, की आपल्या पॅनचा गैरवापर करून कुणीतरी अडीच हजार रुपयांचं कर्ज उचललं आणि त्यामुळे आपला सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा पतीचा आकडा, घसरला. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत, सनी लिओनी हिनेही अशीच तक्रार केली होती. तिच्या पॅनवर दोन हजारांचं कर्ज निघालं होतं.

या रकमा मुद्दाम सांगतोय. एवढ्या लहान कर्जासाठी घरी कुणी चौकशीला येत नाही, जामीनदार मागत नाही. पॅन, जन्मतारीख आणि चालू असलेला एखादा मोबाइल नंबर हाताशी असला की कामचुकार ॲपवर तेवढ्यावरही कर्ज निघतं. घेणाऱ्याला ते फेडायचंच नसतं, त्यामुळे पहिल्याच हप्त्यापासून थकतं. थकबाकी चढते तुमच्या नावावर, आणि तुम्हाला त्याचा पत्ता लागतो तो घराचं किंवा मुलीच्या शिक्षणाचं कर्ज नामंजूर झाल्यावर.

नटांच्या ट्विटची बातमी होते, तुमच्या-माझ्या तक्रारीची होत नाही. पण कायदा दोघांना सारखाच लागू आहे आणि तो चांगल्यापैकी धारदार आहे. फक्त त्याचं घड्याळ तुमच्या लेखी तक्रारीपासून चालू होतं. फोनवर कितीही भांडलात तरी ते चालू होत नाही.

आधी हक्क समजून घ्या

कुणी किती कर्ज घेतलं आणि कसं फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या पतविषयक माहिती कंपन्यांसाठी २००५ सालचा वेगळा कायदा आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे स्वतःच्या पत-माहितीची प्रत, म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, मागण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क प्रत्येक कर्जदाराला आहे. दुरुस्तीची मागणी केल्यावर ३० दिवसांत त्यावर कार्यवाही झाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये आदेश काढला आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट स्कोअरसह मोफत देणं बंधनकारक झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आणखी दोन परिपत्रकं आली. दुरुस्तीला ३० दिवसांपेक्षा जास्त वेळ लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हे त्यातल्या एकाने ठरवलं. दुसऱ्याने असं ठरवलं, की कुणी तुमचा रिपोर्ट पाहिला तर माहिती कंपनीने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा आणि थकबाकीची नोंद पाठवताना कर्ज देणाऱ्या संस्थेनेही तुम्हाला कळवायचं. दोन्ही नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाले.

म्हणून "आपला रिपोर्ट अमुक संस्थेने पाहिला" असा मेसेज आला आणि तुम्ही कुठेच अर्ज केलेला नसेल, तर तो जाहिरात समजून पुसू नका. कुणीतरी तुमच्या नावाने कर्जाच्या दारात उभं असल्याची ती पहिली खूण असू शकते. मात्र त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. खात्री करायची ती स्वतः रिपोर्ट काढूनच.

रिपोर्ट काढायचा कसा

भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सरसकट "सिबिल" म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण सिबिलचा रिपोर्ट स्वच्छ असूनही दुसऱ्या कंपनीच्या रिपोर्टात भलतंच कर्ज बसलेलं असू शकतं. कर्ज देणाऱ्या संस्थांनी चारही कंपन्यांचं सभासद व्हावं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१५ पासून आहे. तरी चौघांकडच्या नोंदी तंतोतंत सारख्या असतीलच, असं धरून चालू नका.

चारही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मोफत वार्षिक रिपोर्टची लिंक असते. ती ठळक जागी ठेवावी, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. तरीही पुढच्या पानांवर महिन्याच्या किंवा वर्षाच्या सशुल्क योजना पुढे येतात आणि घाईत माणूस पैसे भरून मोकळा होतो. कार्डाचा नंबर किंवा यूपीआय मागितलं, की थांबा, मागे या आणि मोफत रिपोर्टची लिंक शोधा. नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाइल आणि ईमेल भरल्यावर ओटीपी येतो, क्वचित जुन्या कर्जांविषयी एक-दोन प्रश्न विचारले जातात आणि रिपोर्ट पडद्यावर येतो. तो पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. त्यावरची तारीख आणि कंट्रोल नंबर, म्हणजे त्या रिपोर्टचा क्रमांक, तक्रारीत लागतो.

कधी कधी ओळख पटत नाही. तुम्ही दिलेला मोबाइल त्यांच्या नोंदीशी जुळत नाही, असा संदेश येतो. नंबर बदललेला असेल तर हे साहजिक आहे. पण वर्षानुवर्षं एकच नंबर वापरत असूनही असं होत असेल, तर कान टवकारा, कारण तुमच्या पॅनसमोर दुसऱ्याच कुणाचा नंबर बसवलेला असू शकतो. अशा वेळी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडून ईमेलने किंवा टपालाने रिपोर्ट मागवता येतो.

शंका काहीच नसेल तर चार कंपन्यांचे चार मोफत रिपोर्ट वर्षात वाटून घ्या: जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, मग जुलै, मग ऑक्टोबर. एक पैसा न भरता दर तिमाहीला नजर राहते. शंका असेल तर मात्र चारही एकाच दिवशी काढा. आणि स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होतो, हा गैरसमज मनातून काढून टाका. स्कोअरवर परिणाम होतो तो कर्जाच्या अर्जावरून संस्थांनी केलेल्या चौकशीचा.

दोन जागा टाळा. एक, "सिबिल दुरुस्त करून देतो" असं सांगणारा व्हॉट्सॲपवरचा एजंट. त्याच्या हातात पॅन, आधार आणि ओटीपी देणं म्हणजे चोराकडे किल्ली देणं. दुसरी, कुठल्याही ॲपवरचं "फ्री स्कोअर" हे बटण. तिथे तुमची माहिती पुढे कर्ज विकणाऱ्यांकडे जाण्याची वाट तुम्हीच उघडता.

रिपोर्ट शेवटाकडून वाचा

बहुतेक जण स्कोअरचा आकडा बघतात आणि फाइल बंद करतात. ३०० ते ९०० मधला तो आकडा फसवणूक शोधायला फारसा उपयोगी नाही. मी सगळ्यांना रिपोर्ट उलटा वाचायला सांगतो.

शेवटी चौकशांची यादी असते. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकारच्या आणि किती रकमेच्या कर्जासाठी तुमची माहिती मागवली ते तिथे दिसतं. दोन-तीन दिवसांत पाच-सहा अनोळखी संस्थांच्या चौकशा दिसल्या, तर कुणीतरी तुमचा पॅन घेऊन ॲपामागून ॲप पालथं घालत होतं, असा अर्थ घ्या. खात्यांच्या यादीत कर्ज उगवण्याआधी इथे त्याचा माग लागतो.

मग संपर्काचा भाग. पत्ते, मोबाइल नंबर, ईमेल, सगळं एकेक करून. आणि त्यानंतर खाती.

ओळखीतल्या एका अंगणवाडी सेविकेचा रिपोर्ट आम्ही असाच वाचला. बाईंच्या नावावर फक्त एक सोनेतारण कर्ज होतं, तेही फिटलेलं. चौकशांमध्ये एकाच आठवड्यातल्या चार नोंदी निघाल्या. संपर्कात तीन मोबाइल नंबर होते. एक त्यांचा, एक नवऱ्याचा जुना, आणि तिसरा कुणाचा ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. पत्त्यांमध्ये गावचा पत्ता होता आणि खाली ठाण्यातली एक खोली होती. बाई ठाण्याला कधी राहिल्याच नव्हत्या. खात्यांच्या यादीत "ग्राहकोपयोगी वस्तूसाठी कर्ज" होतं, रक्कम अठरा हजार, मालकीच्या रकान्यात "वैयक्तिक", आणि हप्त्यांच्या कोष्टकात महिन्यागणिक वाढत जाणारे थकलेल्या दिवसांचे आकडे: ३०, ६१, ९१. कुणीतरी त्यांच्या आधारच्या झेरॉक्सवर हप्त्याने मोबाइल घेतला होता. तक्रारीला हात घालायला जे लागतं ते सगळं त्या दोन पानांत होतं: संस्थेचं नाव, कर्ज उघडल्याची तारीख, परका नंबर आणि परका पत्ता.

पण अनोळखी नाव दिसलं म्हणजे फसवणूकच, असंही नाही. ॲपचं नाव एक आणि पैसे देणारी बँक किंवा वित्त कंपनी दुसरीच, हे आता सर्रास आहे. तुम्ही स्वतः घेतलेलं "आत्ता घ्या, नंतर पैसे द्या" प्रकारचं खातं त्या दुसऱ्या नावाने दिसतं. बँकांची विलीनीकरणंही लक्षात ठेवा. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक २०२० मध्ये युनियन बँकेत, एचडीएफसी लिमिटेडची गृहकर्जं जुलै २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेत. मालकीच्या रकान्यात "जामीनदार" असेल, तर ते भावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तुम्ही केलेल्या सहीचं फळ आहे. ती चूकही नव्हे, फसवणूकही नव्हे. आणि सारखी नावं, सारखी गावं असलेल्या दोन माणसांच्या नोंदी एकमेकांत मिसळतात, हेही घडतं. अशी सरमिसळ दुरुस्त करून घेण्याची तक्रार वेगळी. तिथे पोलिसांकडे धावायची गरज नाही.

बचत गटातल्या आणि सूक्ष्म कर्ज घेणाऱ्या बायकांनी क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट आवर्जून काढावा, कारण सूक्ष्म कर्जांच्या नोंदींवर या कंपनीचा खास भर आहे. सूक्ष्म कर्जासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाता कामा नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे नावावर खोटं कर्ज चढलं, की खऱ्या गरजेच्या वेळी खरं कर्ज मिळत नाही. "मशीन चाललं नाही, पुन्हा अंगठा द्या" असं म्हणून घेतलेल्या दुसऱ्या अंगठ्याचं काय झालं, हे रिपोर्ट पाहिल्याशिवाय कळत नाही.

खोटं कर्ज भरू नका

हे मी ठळक मथळ्याखाली लिहितोय, कारण चांगली, अब्रूला जपणारी माणसं इथेच अडकतात. वसुलीवाल्याचा फोन येतो, शेजाऱ्यांना कळेल ही भीती असते आणि रक्कम तीन-चार हजारांचीच असते. "भरून टाकू, कटकट मिटेल" असं वाटतं. मिटत नाही. पैसे भरले की कर्ज तुमचं होतं, असंच समोरचा पुढे म्हणणार. तडजोड करून कमी रक्कम भरलीत तर रिपोर्टात "सेटल्ड" असा शेरा बसतो. म्हणजे घेतलेलं कर्ज पूर्ण फेडलं नाही, असा डाग न घेतलेल्या कर्जासाठी तुमच्यावर राहतो. वसुलीच्या फोनवर एवढंच सांगा, "हे कर्ज मी घेतलेलं नाही, माझी लेखी तक्रार आहे, तिचा क्रमांक हा." सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला मनाई आहे. नियम मोडला तर वेळेसह नोंद ठेवा, पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका आणि वित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कामी येते.

तक्रार: एकाच दिवशी तिन्ही ठिकाणी

पहिली तक्रार ज्या बँकेने किंवा वित्त कंपनीने कर्ज दिल्याचं दिसतं तिच्याकडे, दुसरी ज्या माहिती कंपनीच्या रिपोर्टात ते आहे तिच्याकडे, तिसरी सायबर पोलिसांकडे. लोक फक्त सिबिलकडे तक्रार करतात आणि वाट बघत बसतात. माहिती कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलू शकत नाही. ती संस्थेला विचारते, आणि संस्थेने "नोंद बरोबर आहे" असं कळवलं की तक्रार फेटाळली जाते. म्हणून खरा रेटा संस्थेवरच लावायचा.

संस्थेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. अर्ज ईमेलने पाठवाच, शिवाय छापील प्रत शाखेत देऊन सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. शाखा जवळ नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. मजकूर साधा असू द्या:

"विषय: माझ्या नावावरील बनावट कर्जाची नोंद रद्द करण्याबाबत व दस्तऐवज मिळण्याबाबत.

अमुक कंपनीच्या अमुक तारखेच्या, अमुक कंट्रोल नंबरच्या क्रेडिट रिपोर्टात आपल्या संस्थेचं अमुक क्रमांकाचं कर्ज माझ्या नावे दाखवलं आहे. हे कर्ज मी मागितलेलं नाही, घेतलेलं नाही, त्याची रक्कम मला मिळालेली नाही. माझ्या ओळखीचा गैरवापर झाला आहे. त्या नोंदीतील मोबाइल नंबर व पत्ता माझे नाहीत.

कृपया पुढील गोष्टींच्या प्रती द्याव्यात: कर्जाचा अर्ज व करारनामा, घेतलेली ओळखपत्रं आणि छायाचित्र, व्हिडिओ पडताळणी झाली असल्यास तिचं चित्रण, ओटीपी ज्या नंबरवर गेला तो नंबर व वेळ, आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील.

कर्जाची वसुली तत्काळ थांबवावी, चारही पत-माहिती कंपन्यांना दुरुस्ती कळवावी आणि तसं मला लेखी द्यावं. ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या भरपाईविषयक नियमानुसार दररोज १०० रुपये भरपाई माझ्या पुढील बँक खात्यात जमा करावी."

खाली तारीख, सही, स्वतःचा मोबाइल, ईमेल आणि बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील द्या. भरपाई कुठे जमा करायची ते तक्रारीतच द्यावं लागतं. मात्र पासवर्ड, पिन, ओटीपी कुणी मागितला तर तिथेच संभाषण तोडा. पैसे जमा करायला यातलं काहीच लागत नाही.

या अर्जातला सगळ्यात वजनदार प्रश्न पैसे जमा झालेल्या खात्याचा आहे. डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वस्तूखरेदीसाठी दुकानदाराला थेट पैसे देण्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर त्याला पळवाट नाही. म्हणजे संस्थेने एकतर ते पैसे तुमच्या खात्यात गेल्याचं दाखवायला हवं, नाहीतर परक्या खात्यात पाठवल्याचं कबूल करायला हवं. हा प्रश्न लेखी विचारल्यावर उडवाउडवीची उत्तरं बरीच कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

माहिती कंपनीकडची तक्रार तिच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते आणि मोफत असते. कर्जाची नोंद निवडून "हे खाते माझे नाही" असा पर्याय घ्या. परका पत्ता, परका नंबर आणि अनोळखी चौकशा यांच्यावरही वेगळी हरकत नोंदवा. बहुतेक जण कर्जावर थांबतात, मग तोच परका मोबाइल नंबर पुढच्या भामट्याला तयार वाट होतो. जितक्या कंपन्यांच्या रिपोर्टात नोंद असेल तितक्या ठिकाणी तक्रार करा आणि प्रत्येकीचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

तीस दिवसांचा हिशोब

या ३० दिवसांतले २१ दिवस बँकेला किंवा वित्त कंपनीला मिळतात, तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती पाठवायची. उरलेल्या वेळात माहिती कंपनीने काम संपवायचं. उशीर जिच्यामुळे झाला तिने भरपाई द्यायची. १ जूनला तक्रार केली, तर मुदत १ जुलैला संपते. निकाल १० ऑगस्टला लागला तर ४० दिवस उशीर झाला, म्हणून ४,००० रुपये. निवारण झाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत ते तुमच्या खात्यात यायला हवेत. तक्रार फेटाळली तरी कारण लेखी कळवावं लागतं. "तुमची विनंती नाकारली आहे" एवढी एकच ओळ हे कारण होत नाही, तसं स्पष्ट लिहून पुन्हा विचारा. फक्त स्कोअर कमी का आला, याबद्दलच्या तक्रारीला ही भरपाई लागू नाही.

३० दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सप्टेंबर २०२२ पासून माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार करता येते, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. आधी संस्थेकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र हवाच, म्हणून त्या पोचपावतीचं एवढं महत्त्व. आणि मुदत संपल्यावर "बघू पुढच्या महिन्यात" करू नका, लोकपालाकडे जायलाही कालमर्यादा असते.

महाराष्ट्रासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आहेत, पण पतसंस्था नाहीत. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते. तिने तुमच्या नावावर बोगस कर्ज दाखवलं असेल, किंवा न विचारता जामीनदार म्हणून नाव घातलं असेल, तर बँकिंग लोकपालाकडे जाऊन उपयोग नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज द्यायचा. पतसंस्थेतली बोगस कर्जं क्रेडिट रिपोर्टात दिसतीलच याची खात्री नाही, म्हणून वसुलीची नोटीस आली तर ती फाडून न टाकता लगेच लेखी हरकत घ्या.

पोलिसांकडे

खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, मग बाकी सगळं. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. नुसतं नावावर कर्ज निघालं असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा आणि तिची पोच घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर ठाण्यात जा.

जाताना रिपोर्टची छापील प्रत न्या, खोट्या नोंदींना खुणा करून. संस्थेला दिलेल्या अर्जाची पोच, ओळखपत्र, आणि कर्ज निघालं त्या महिन्याचा स्वतःच्या बँक खात्याचा उतारा न्या, म्हणजे ती रक्कम तुमच्याकडे आलीच नाही हे दिसतं. दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी आहे, आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवण्याबद्दल ६६ डी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ आणि तोतयेगिरीचं ३१९ ही कलमं आहेत. हे क्रमांक अर्जात लिहिले तर बोलणं मुद्द्यावर राहतं.

"हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकावं लागलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते, हे शांतपणे सांगा. तरीही नोंद घेतली नाही, तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ठाण्यातल्या माणसाशी वाद घालण्यात दिवस घालवण्यापेक्षा हा लेखी मार्ग बरा.

दारं बंद करा

पॅन बदलून मिळत नाही आणि दुसरा काढणं बेकायदा आहे, त्यामुळे कुलपं इतरत्र लावायची. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करता येतं, मग तुमचा अंगठा तुम्ही कुलूप काढल्याशिवाय चालत नाही. तिथेच गेल्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास दिसतो. कर्ज निघालेल्या तारखेच्या आसपास अनोळखी वापर दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते कळतं. न घेतलेलं सिम तिथूनच "माझा नंबर नाही" म्हणून कळवा. हॉटेलात, दुकानात देण्यासाठी शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार उतरवून ठेवा. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कुणासाठी, कशासाठी आणि तारीख हे आडवं लिहून सही करा, अक्षरं फोटोवर आणि नंबरवर थोडी चढतील अशी.

परदेशात असलेल्यांनी एक गोष्ट आजच तपासावी. भारतातला जुना मोबाइल नंबर बंद पडला की काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. तोच नंबर तुमच्या बँकेत, आधारला आणि क्रेडिट रिपोर्टात असेल, तर तुमचे इशारे परक्या माणसाच्या फोनवर वाजतात. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या तीन कंपन्यांचे रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला मोफत मिळतात, आणि रिपोर्ट गोठवून ठेवण्याची सोयही २०१८ पासून तिथे मोफत आहे. पण त्याने भारतातल्या पॅनला काही संरक्षण मिळत नाही. इथले रिपोर्ट वेगळे काढावे लागतात.

दुरुस्तीनंतर

"नोंद काढली" असा ईमेल आला तरी त्यावर विसंबू नका. संस्थेकडून ते कर्ज तुमचं नसल्याचं आणि तुमच्याकडून काहीही येणं नसल्याचं पत्र लेटरहेडवर मागा. संस्थांनी माहिती किमान पंधरवड्याला पाठवायची, असा नियम जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला, म्हणून साधारण महिनाभराने चारही रिपोर्ट पुन्हा पाहा. वर्षाचा मोफत रिपोर्ट वापरून झाला असेल तर कंपनी १०० रुपयांपर्यंत शुल्क घेऊ शकते, आणि हे शंभर रुपये वाचवण्यात अर्थ नाही. कर्ज गेलं पण परका पत्ता राहिला, किंवा एका कंपनीतून गेलं आणि दुसरीत तसंच आहे, असं आढळलं तर त्याच पत्राची प्रत जोडून त्या कंपनीकडे नवी तक्रार करा. तीस दिवस नव्याने मोजायचे.

थकीत कर्जं गठ्ठ्याने वसुली कंपन्यांना विकली जातात, त्यात असं बनावट कर्जही जाऊ शकतं, आणि मग तीच रक्कम दोन-तीन वर्षांनी वेगळ्याच कंपनीच्या नावाने रिपोर्टात उगवते. तेव्हा लेटरहेडवरचं पत्र, पोलिसांची पोच आणि दुरुस्तीनंतरचा स्वच्छ रिपोर्ट एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, आणि पाकिटावर मूळ संस्थेचं नाव व कर्ज क्रमांक लिहा. नव्या कंपनीला पत्र लिहिताना तोच क्रमांक द्यावा लागेल.